रिकाम्या घराचा आवाज

"त्या घरातली बाई कोण आहे?" मतवालीने खुर्ची सरकवत जवळ येऊन हळूच विचारलं.

लेखिकेने मान वर केली. "कुठल्या घरातली?"

"आपला शिपाई गोळ्या भरायला थांबतो ना, त्या रिकाम्या घरातली."

"ते रिकामं आहे. गोष्ट मी लिहिली आहे, मला माहीत नाही होय?"

कंपनी लहान होती आणि 'माघारी' हा तिचा पहिला मोठा खेळ होता. हातात बंदूक धरून, शिपायाच्या डोळ्यांनी सगळं बघत खेळायचा. युद्धावरून परतलेला शिपाई आपल्या ओस पडलेल्या गावात धाकट्या भावाला शोधत फिरतो आणि प्रत्येक वळणावर लपलेल्या शत्रूंशी लढतो. खेळ बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता. खेळणाऱ्यांची मतं वाचून त्यांचा सारांश मालकांना सांगणं हे मतवालीचं काम. तिचं नावही त्यावरूनच पडलेलं.

तिने फोन पुढे केला. "वाच."

लेखिका वाचू लागली. 'बंदुका सगळ्या सारख्याच वाजतात, शत्रूंना मोतीबिंदू झालेला दिसतो, पण ती घरातली बाई! आता मी दिवसासुद्धा दिवा लावून खेळतो.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'कपाटं उघडून बघत होतो. मागून कोणी तरी म्हणालं, आलात का? मी गर्रकन वळलो. कोणी नाही. भिंतीवर सगळ्या गोळ्या झाडल्या. तर ती म्हणाली, सावकाश, पडाल. मी खेळ बंद केला आणि बायकोला माहेराहून बोलावून घेतलं.' तिसऱ्याचं म्हणणं, ती शिपायाची आई आहे. चौथ्याचं म्हणणं, आई कशी असेल, आई अहोजाहो करते का? बायकोच आहे. यावरून त्या दोघांची चांगलीच जुंपली होती.

"असं कोणी बोलत नाही आपल्या खेळात," लेखिका म्हणाली. तिच्या हातावर काटा आला होता.

तेवढ्यात मालक आले. मतं त्यांनीही वाचली होती आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलला होता. "वा! काय बाई उभी केली आहेस! दिसत नाही, पण उभी आहे. कशी सुचली ग?"

लेखिकेने मतवालीकडे पाहिलं, मग मालकांकडे. पगारवाढीची बोलणी तोंडावर आलेली होती. "ती... तशी अध्याहृतच होती, सर," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत एका वार्ताहराने तिची मुलाखत घेतली. 'अनुपस्थिती हीच खरी उपस्थिती,' असं काहीसं ती बोलून गेली आणि ते छापूनही आलं. मालकांनी फर्मान काढलं की पुढच्या भागात बाई मोठी करायची. तेव्हा मात्र लेखिका धावत ध्वनिकक्षात गेली. तिथे आवाजांचं काम बघणारा बसायचा. पंख्याच्या घरघरीवरून पंख्याचं वय सांगणारा म्हणून कंपनीत सगळे त्याला कानसेन म्हणत.

"कानसेन, त्या घरात कोण बोलतंय?"

"कोणी नाही. रिकाम्या घराचा आवाज आहे तो. मी स्वतः रेकॉर्ड केलाय."

"पूर्ण ऐकलास?"

नव्हता ऐकला. गोष्ट अशी होती की ध्वनिकक्षातली शांतता मेलेली असते. रिकाम्या घराची शांतता वेगळी. तिच्यात फ्रिज हुंकारतो, नळ ठिबकतो, लाकूड करकरतं. म्हणून एके दुपारी त्याने आपल्याच घराच्या बोळात रेकॉर्डर चालू करून ठेवला आणि तो कामावर गेला. बायको तिच्या चष्म्याच्या दुकानात. सासूबाई डॉक्टरकडे जाणार होत्या. संध्याकाळी त्याने सुरुवातीचं थोडंसं ऐकलं, 'छान रिकामं आहे' म्हणाला आणि सगळंच्या सगळं खेळात टाकलं. खेळ तपासणारे त्या घरातून पळतच जायचे. जो थांबेल त्यालाच पुढचं ऐकू येणार होतं.

त्याने कानाला हेडफोन लावले. फ्रिज. नळ. मग बऱ्याच वेळाने दार वाजलं, चपला वाजल्या, फरशीवर ओलं फडकं फिरलं आणि एक ओळखीचा आवाज म्हणाला, "डॉक्टर आलेच नाहीत आज. आलात का तुम्ही? सावकाश, पडाल. पुसलंय आत्ताच."

कानसेनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ते विंचू असावेत तसे.

"कोण आहे?" लेखिकेने विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"आणि बोलतायत कोणाशी?"

घरात त्या वेळी दुसरं कोणी असणंच शक्य नव्हतं. सासरे जाऊन वर्ष उलटलं होतं.

मालकांना हे कळलं तेव्हा त्यांचा फुललेला चेहरा मिटला. "त्यांची परवानगी घेतली होतीस?" 

"मलाच माहीत नव्हतं, साहेब."

"म्हणजे एका बाईचं घरातलं बोलणं आपण जगभर विकतोय! काढून टाक. आजच्या आज." लेखिकेची मुलाखत मात्र कोणालाच काढून टाकता येईना.

कानसेनने बाई पुसून टाकली आणि तिच्या जागी ध्वनिकक्षातली शांतता भरली. दोन दिवस बरे गेले. मग मतवाली पुन्हा खुर्ची सरकवत आली. या वेळी ती हळू बोलत नव्हती.

"लोक खवळलेत! 'तिला परत आणा.' 'घर आता खरंच रिकामं झालं, तिथे पाय ठेववत नाही.' एक जण म्हणतो, तुम्ही तिला मारलंत. एकाने पोलिसांत जायची धमकी दिली आहे."

"पोलिसांत? आणि सांगणार काय?"

"बाई हरवली म्हणून."

मालकांनी डोकं धरलं. मग कानसेनला म्हणाले, "आता एकच उपाय. सासूबाईंना विचार. रीतसर, मानाने."

सासूबाई राहायला आल्यापासून कानसेनचं आणि त्यांचं बोलणं 'भाजी वाढू का' आणि 'पुरे' याच्यापुढे कधी गेलं नव्हतं. अशा बाईंना सांगायचं काय, की तुम्ही गेलेल्या नवऱ्याशी बोलता ते अनोळखी लोक हातात बंदूक घेऊन ऐकत होते? त्याने बायकोला मध्ये घालायचा प्रयत्न केला.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई अजून बाबांशी बोलते, हे मला माहीतच नव्हतं रे. माझ्यासमोर तर ती त्यांचं नावही काढत नाही."

शेवटी रविवारी सकाळी सासूबाई शेंगा सोलत बसल्या असताना कानसेनने सगळं सांगून टाकलं आणि रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"किती लोकांनी ऐकलं हे?"

"बऱ्याच... आई, माझं चुकलं. मी..."

"आधी सांगितलं असतंत तर जरा बरं काही बोलले असते. फरशी काय पुसलीय, डॉक्टर काय आले नाहीत!" मग त्यांनी विचारलं, "काय म्हणतात लोक?"

कानसेन एकेक मत वाचून दाखवू लागला. भिंतीवर गोळ्या झाडणाऱ्याचं ऐकून त्यांनी विचारलं, "बायको आली का त्याची परत?" मग एक मत असं आलं की कानसेनने ते दोनदा वाचलं. कोणा मुलाने लिहिलं होतं की आई गेल्यापासून त्याला घरी कोणी 'आलास का' असं विचारत नव्हतं. तो रोज कामावरून आला की खेळ लावायचा, कोणालाही न मारता त्या घरात जायचा आणि नुसता उभा राहायचा.

सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "कधी यायचं?"

त्या आल्या त्या दिवशी सगळी कंपनी ध्वनिकक्षाच्या आतल्या काचेला नाक लावून उभी होती. माइकसमोर बसल्यावर सासूबाईंनी घसा साफ केला आणि शाळेच्या बक्षीस समारंभात बोलावं तसं त्या म्हणाल्या, "नमस्कार. मी या घरात राहणारी एक बाई आहे. शिपाईदादांचं मी हार्दिक स्वागत करते."

मालकांनी डोळे मिटून घेतले. लेखिकेने लिहून दिलेली वाक्यं झाली, तर ती बातम्यांसारखी वाटली. दिवे मंद केले, तर त्यांना कागद दिसेना. शेवटी सासूबाईंनीच खुलासा केला. "इतकी माणसं बघत असली की ते बोलत नाहीत."

"ते म्हणजे?" मालकांनी विचारलं.

"हे," सासूबाई म्हणाल्या आणि किंचित लाजल्या.

मालकांनी कानसेनकडे पाहिलं. कानसेनने छताकडे. मग मालक म्हणाले, "चला रे, सगळे बाहेर. इमारतीच्या बाहेर." रेकॉर्डर चालू ठेवून, जाड दार लावून घेऊन, सगळी कंपनी जिना उतरून भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सावली म्हणून नव्हती. मालकांचं टक्कल तापायला लागलं, तेव्हा त्यांनी हातरुमालाला चारही कोपऱ्यांना गाठी मारून टोपी केली आणि डोक्यावर चढवली. हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

समोरच्या दुकानातला शिंपी धावत आला. "आग लागली की काय?"

"नाही," मतवाली म्हणाली. "आत सासूबाई बोलतायत."

"अच्छा," शिंपी म्हणाला. त्याला ते लगेच पटलं आणि तो परत गेला.

सासूबाई खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा टवटवीत दिसत होता, माहेरी जाऊन आल्यासारखा. "झालं बाई एकदाचं," त्या म्हणाल्या. मतवालीने त्यांना शिंप्याच्या दुकानात बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि बाकीचे ऐकायला वर पळाले.

रेकॉर्डिंग अप्रतिम होतं. आधी नुसती शांतता, मग खुर्चीची करकर आणि मग तोच आवाज, जवळचा, घरगुती. "आलात का? बसा. अहो, कुठे म्हणून काय विचारता, जावयाच्या हापिसात." मध्ये थोडा वेळ गेला. कोणी उत्तर द्यायला लागेल तेवढाच. "नाही, पगार नाही विचारला मी. बरं दिसतं का ते?" पुन्हा शांतता. "मुलगी सुखात आहे. तुमच्यासारखीच हट्टी झालीय, पण सुखात आहे."

लेखिका डोळे पुसत होती. मालक मान डोलावत होते. "हेच पाहिजे," ते पुटपुटले. "अगदी हेच."

"काय?" रेकॉर्डिंगमधल्या सासूबाई म्हणाल्या. "सगळे उन्हात उभे आहेत? अग बाई! माझ्यामुळेच ना." थोडा वेळ गेला. मग त्या खुदकन हसल्या. "रुमालाची टोपी? चार गाठींची? अहो, हसू नका असं, मालक आहेत ते."

ध्वनिकक्षाला रस्त्याच्या बाजूला खिडकी नव्हती. दार इतकं जाड होतं की बाहेर ढोल बडवला तरी आत समजू नये. सासूबाईंजवळ फोनही नव्हता, तो कानसेननेच काढून घेतला होता, मध्ये वाजू नये म्हणून. मालकांचा हात सावकाश वर गेला आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात घालून खाली आला.

"एवढं... एवढं वाक्य कापता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल," कानसेन म्हणाला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली आणि शेवटी लेखिकेने बटण दाबलं.

तासाभराने कानसेन सासूबाईंना घेऊन गाडीने घरी निघाला. त्या पुढे त्याच्या शेजारी बसल्या होत्या. रहदारी फार होती. कानसेन शिकलेला माणूस होता, कशालाही कारण असतं असं मानणारा. पण लग्न झाल्यापासून, तीन वर्षं, एक गोष्ट त्याला मनात टोचत होती. सासऱ्यांचा या लग्नाला विरोध होता आणि ते गेले तोवर त्याच्याशी धड बोलले नव्हते. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, ते... बाबा... माझ्याबद्दल काही म्हणतात का हो?"

सासूबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "मागे बसलेत ना, त्यांनाच विचारा की."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तेव्हा कुठे कानसेनने गाडी पुढे काढली. घर येईपर्यंत त्याने एकदाही आरशात पाहिलं नाही. रस्त्यातले खड्डे मात्र तो असे चुकवत होता, जसे त्याने आयुष्यात कधी चुकवले नव्हते.

फाटकाशी गाडी उभी राहिली. सासूबाई उतरून पुढे चालायला लागल्या. कानसेन थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग उतरला, इकडेतिकडे कोणी बघत नाही ना याची खात्री केली, मागचं दार उघडलं आणि एखाद्या वयस्क माणसाला उतरायला लागेल तितका वेळ ते अदबीने धरून उभा राहिला.