उणे अठरातली तालीम

आधीच स्पष्ट करतो, म्हणजे नंतर कोणी मला शहाणपण शिकवायला नको: मुलीला डिसेंबरात कझाकस्तानच्या लष्करी शिबिरात पाठवायचा निर्णय माझा होता, बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. निवृत्त फौजी पंधरा दिवस पोरांना बर्फात पळवतात, तंबूत झोपवतात, एवढंच. त्यावरून आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर मला निर्दयी बाप ठरवण्यात आलं. (मी चार परिच्छेदांचं उत्तर टाकलं. ॲडमिनबाईंनी ते डिलीट केलं. अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केलीय, सेन्सॉरशिपला मी भीत नाही.)

वैभवी चौदा वर्षांची, जन्म इथलाच, अबू धाबीचा. थंडी म्हणजे मॉलमधला एसी, इतकीच तिची ओळख. पण जाहिरात तिनेच आणली आणि "बाबा, प्लीज!" म्हणाली. मी "जा" म्हणालो. एका अक्षराचा निर्णय.

फॉर्मवर मात्र आई-वडील दोघांच्या सह्या हव्या होत्या, त्यानंतर व्हिडिओ कॉलवर मुलाखत. आणि माझी बायको साधना पेनला हात लावायला तयार नव्हती.

"अहो, तिथे उणे पंधरा असतं. पोरीला इथे एसीत शिंका येतात."

"मी तयारी करून घेतो ना."

"तुम्ही? फ्रिजमधलं ताक पिऊन तुमचा घसा बसतो!"

हे मी कानाआड केलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी थंड पाण्याच्या आंघोळीने तालीम सुरू केली. पण महिना होता सप्टेंबर. गच्चीवरच्या टाकीतून आमच्या 'थंड' नळाला जे येतं, त्यात चहापत्ती टाकायचाच अवकाश.

"बाबा, इट्स बॉइलिंग!" आतून वैभवी ओरडली.

मग एसी सोळावर ठेवला. वैभवी मजेत, साधनाला सर्दी. ("बघितलंत?" असं ती म्हणाली, पण नाक चोंदल्यामुळे तो मुद्दा मी ग्राह्य धरला नाही.)

शेवटी मला ओळखीचा मुनीर आठवला. मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं माशांचं कोल्ड स्टोअर आहे. तापमान उणे अठरा, म्हणजे शिबिरापेक्षाही तीन अंश कडक.

साधनाने अट घातली. "अर्धा तास टिकली तर सही करते. पण तिच्याबरोबर तुम्हीही आत जायचं. मी काचेतून बघणार."

"मंजूर!" मी म्हणालो. पत्रकार मागे हटत नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो. वैभवी जाड जॅकेट, हातमोजे, कानटोपी अशा जय्यत तयारीत. मुनीरने माझ्यापुढे एक रजईसारखा कोट धरला.

"सर, ये पहन लीजिए."

"जरूरत नहीं, मुनीरभाई. हम नाशिक के हैं."

"नाशिक में मायनस अठारा होता है?"

"तापमान नहीं होता, हिम्मत होती है."

"माशाल्ला. अच्छा, दरवाजा अंदर से..."

"दरवाजे हमने बहुत देखे हैं. यल्ला, खोलो!"

(सूचना शेवटपर्यंत ऐकायच्या नाहीत, हा माझा बाणा आहे. मंत्र्यांच्यासुद्धा ऐकल्या नाहीत.)

आत छतापर्यंत सुरमईची खोकी. पहिल्या मिनिटाला मी धैर्यावर भाषण दिलं. तिसऱ्या मिनिटाला नोंदी घ्यायला काढलेलं बॉलपेन उमटेना. पाचव्या मिनिटाला मिशी कडक झाली. सातव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की, बाहेरच्या परिस्थितीचीही पाहणी करणं हे बातमीदाराचं कर्तव्य आहे.

मी दाराचा दांडा ओढला. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं. काचेपलीकडे साधना दिसत होती. मी जिवाच्या आकांताने हातवारे केले. तिने कौतुकाने मान डोलावली आणि मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. (मी लेकीला कवायत शिकवतोय असं तिला वाटलं म्हणे.)

"वैभवी!" मी गरजलो. गरजणं दातांच्या कडकडाटात अडकलं. "घाबरू नकोस! आपण अडकलोय!"

"नो, वी आर नॉट."

ती शांतपणे आली. दाराशेजारचं हिरवं गोल बटण तळव्याने दाबलं, खांद्याने दार पुढे ढकललं.

"मुनीर अंकल हेच सांगत होते, बाबा. यू डिडंट लेट हिम फिनिश."

बाहेर एक्केचाळीस अंश. चष्म्यावर क्षणात वाफ धरली आणि मी थेट दाराबाहेर माशांसाठी ठेवलेल्या बर्फाच्या टबात एक पाय घातला. मागे दार बंद झाल्याचा आवाज आला. वैभवी परत आत गेली होती. तिची अजून बावीस मिनिटं बाकी होती.

ती पूर्ण करूनच बाहेर आली. गालांवर लाली, तोंडभर हसू. "आई, कॅन वी कम अगेन?"

साधनाने तिचे हात चोळले, गाल चोळले, कान तपासले. मग डोळे पुसत एका खोक्यावर फॉर्म ठेवून सही केली. मीही केली. (साधना म्हणते, माझी सही मान्सूनच्या नकाशासारखी आली.) म्हणजे जिंकलो मीच, ग्रुपवरच्या मंडळींनी हे नीट वाचावं.

पुढच्या आठवड्यात वैभवीची मुलाखत झाली. स्क्रीनवर पांढऱ्या मिशांचे निवृत्त मेजर. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला बसलो होतो.

"हॅव यू एव्हर हेल्प्ड एनीवन इन एक्स्ट्रीम कोल्ड?" मेजरांनी विचारलं.

"येस, सर. आय रेस्क्यूड अ मॅन फ्रॉम अ फ्रीझर."

मेजर सावरून बसले. "अ वर्कर?"

"नो, सर. अ सीनियर सिटिझन. ही पॅनिक्ड."

"सिलेक्टेड!" मेजर म्हणाले.

"मी फक्त त्रेपन्न वर्षांचा आहे!" मी बाजूने ओरडलो.

मेजर स्क्रीनजवळ झुकले आणि हळू आवाजात त्यांनी वैभवीला विचारलं, "इज दॅट हिम?"