केकचं चारित्र्य-प्रमाणपत्र

वटार येथील निवृत्त शिक्षिका श्रीमती इझाबेल यांनी आजवर घराण्यातल्या एकोणीस लग्नांचे केक स्वतःच्या स्वयंपाकघरात भाजले. त्यांपैकी एकाही लग्नात केक कोणत्या विचारसरणीचा आहे, असं कुणी विचारलं नव्हतं. विसाव्या लग्नात विचारलं. विसावं लग्न इझाबेलच्या भावाच्या, अँथनीच्या मुलीचं होतं. टिफनी आईवेगळी पोर; इझाबेलनंच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्यामुळे तिच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या हातचा केक असणं इझाबेलला मान्य होण्यासारखं नव्हतं.

टिफनीचा होणारा नवरा फ्लॉईड नायगावच्या नव्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहायचा. जानेवारीत तो व्हीगन झाला आणि फेब्रुवारीत टिफनी झाली.

"आत्या, केक व्हीगनच हवा हं," टिफनी म्हणाली. "अंडं नाही, दूध नाही, बटर नाही, मधसुद्धा नाही. प्राण्यांकडून काहीच घ्यायचं नाही."

"बरं. आणि जेवण?"

"जेवण नॉर्मल. चिकन, मटण, पोर्कचं इंद्याल. पप्पांचे पाहुणे ऐकणारेत का? आणि इन्स्टावर केकच जातो ना."

इझाबेलनं हे तत्त्वज्ञान शांतपणे ऐकून घेतलं. अभ्यासक्रम बदलला की कुरकुर न करता नवं पुस्तक उघडायची तिला तीस वर्षांची सवय होती. पहिले दोन केक बसले. तिसरा विळीवर चिरावा लागला. चौथ्या वेळी तिनं बागेतल्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी भिजवून वाटली, त्यात नारळाचं दूध आणि खोबरेल तेल घातलं, सोडा आणि व्हिनेगर शेवटच्या क्षणी ढवळलं, आणि केक फुलला. छोले शिजवल्यावर उरणारं पाणी ती आजवर मोरीत ओतायची. तेच गार करून अर्धा तास फेटल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं वर आलं. त्यात पिठीसाखर घालून तिनं मोगऱ्याच्या कळ्या काढल्या. अँथनीनं चार तुकडे खाल्ले आणि विचारलं, "किती अंडी घातलीस?"

"एकही नाही."

"आधी नाही का सांगायचं? उगाच खाल्ला," तो म्हणाला.

एवढ्यावर हे प्रकरण गोड झालं असतं. पण लग्नपत्रिकेवर 'व्हीगन केक' असं छापलं गेलं होतं, आणि जे छापलं जातं त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. लग्नाची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीनं हर्षवर्धन नावाचे व्हीगन अनुपालन अधिकारी वटारला पाठवले. त्यांनी चामड्याचे बूट दाराबाहेर काढले, टॅब उघडला आणि तपासणीला सुरुवात केली.

"मॅडम, या ओव्हनमध्ये पूर्वी अंडी भाजली गेली आहेत?"

"सव्वीस वर्षं."

"म्हणजे ओव्हनला पूर्वेतिहास आहे," असं म्हणून त्यांनी ओव्हन बाद केला. अँथनीनं नवा आणला. इझाबेलनं पुन्हा केक केला.

"नारळ झाडावरून कुणी उतरवले?"

"आमच्या पीटरनं."

"पीटर हा माणूस आहे का?"

"गेली साठ वर्षं तरी आहे."

"माणूस हाही प्राणीच, मॅडम. त्याच्या श्रमाचा वापर झाला, तेव्हा लेखी संमती लागेल. दोन प्रतींत."

पीटरला झाडावरून खाली बोलावण्यात आलं. लुंगीला हात पुसत त्यानं विचारलं, "टीचर, हे माझ्यातनं काय काढून घेणार?"

"काही नाही रे. फक्त सही," इझाबेल म्हणाली. पीटरनं देवाचं नाव घेऊन सही केली.

मग केळ्यांची पाळी आली. केळ्यांना खत कोणतं, हे इझाबेलनं खरं सांगितलं. बाईनं आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं, त्याची ही फळं.

"शेणखत. म्हशीचं." हर्षवर्धन यांनी बोट थांबवलं. "म्हशीची संमती?"

"म्हैस मेली, आठ वर्षं झाली. तिच्या खताच्या खड्ड्यातलं शेवटचं खत यंदा घातलं."

"मग वारसांची लागेल. वारस किती?"

"एक रेडकू होतं. ते सफाळ्याला विकलं."

"त्याचं ना-हरकत आणा. नाहीतर केळी बाजारातून घ्या."

"बाजारातल्या केळ्यांना काय अत्तर घालतात? त्यांनाही शेणच घालतात!"

"घालत असतील. पण ते आपल्याला माहीत नाही ना," हर्षवर्धन समजुतीच्या स्वरात म्हणाले. "माहीत नसलेलं सगळं आमच्या नियमांत बसतं."

इझाबेलनं दात-ओठ खाऊन बाजारची केळी आणली आणि तिसऱ्यांदा केक उभा केला. तीन थर, वर मोगरा, कडेला वेलबुट्टी. हर्षवर्धन यांनी भिंग काढलं. दुसऱ्या थरावरच्या आयसिंगमध्ये एक मुंगी मरून पडली होती.

"जीवितहानी," ते हळूच म्हणाले, आणि अर्ज फेटाळला.

लग्नाला दोन दिवस राहिले होते. टिफनीनं रडत कंपनीला फोन लावला. कंपनीकडे उपाय तयारच होता: थर्मोकोलचा केक. प्राणिजन्य अंश शून्य. सुरी घालायला मागच्या बाजूनं खाच दिलेली.

"पण थर्मोकोलच्या सजावटीला बंदी आहे ना?" इझाबेलनं विचारलं.

"ती पर्यावरणाच्या दृष्टीनं, मॅडम. आम्ही फक्त प्राणी बघतो."

"आत्या, प्लीज," टिफनी म्हणाली. "डेकोरेशन तूच कर ना. म्हणजे तुझ्याच हातचा झाला की."

इझाबेलला खूप वाईट वाटलं. पोरीच्या लग्नात आपल्या हातचा घास कुणाच्या तोंडात जाणार नाही, हे तिला सोसवेना. छोल्यांच्या पाण्याचं आयसिंग थर्मोकोलवर काढता काढता तिचे डोळे भरून आले. अश्रू प्राणिजन्य असल्यामुळे ते केकपासून तीन फूट दूर जाऊन पुसावेत, अशी सूचना तिला देण्यात आली. तिनं ती पाळली.

लग्न थाटात झालं. केकसमोर चौकटीत प्रमाणपत्र उभं केलं होतं: 'शंभर टक्के व्हीगन'. टिफनी आणि फ्लॉईडनं खाचेत सुरी घातली, रिकामी बोटं एकमेकांच्या ओठांपर्यंत नेली, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मग सहाशे पाहुणे इंद्यालकडे वळले.

फेटाळलेला केक इझाबेलनं टाकला नव्हता. मुंगी काढून, तुकडे करून तिनं तो डब्यातून आणला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर ताट मांडून ती जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणत होती, "घ्या ना, मी केलाय. टिफनीसाठी." एक पाहुणे थांबले. त्यांच्या बशीत डुकराच्या मटणाचा डोंगर होता. त्यांनी केककडे बघितलं, ताटाच्या आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "याला सर्टिफिकेट नाही का? मग नको बाई, हल्ली कशात काय घालतील सांगता येत नाही." त्यांच्या मागच्यांनीही मग हात आखडता घेतला. इझाबेलनं भरलेलं ताट पुन्हा डब्यात उतरवलं.

दुसऱ्या दिवशी टिफनीनं थर्मोकोलचा फोटो टाकला. खाली सातशे बारा जणांनी मजकूर लिहिला. इझाबेलनं चष्मा लावून तो सगळा वाचला, कारण आयसिंग तरी तिचं होतं. एकानं लिहिलं होतं, 'बघूनच कळतं किती सॉफ्ट आहे! मी दोन पीस खाल्ले. अशी चव जन्मात घेतली नाही.'

तिनं नाव वाचलं, शेजारचा छोटा फोटो मोठा करून पाहिला, आणि कालची इंद्यालची बशी तिला आठवली. वाचकहो, इतका वेळ तुम्ही हर्षवर्धनला हसत होतात, म्हणून मी थांबले होते; आता सांगायला हरकत नाही. नाव तुमचं होतं.