चतुराबाईने वेशीपट्टी मोडली त्याची हकिकत

श्रोते सावध असावे. उमापूर प्रांती एका मौज्यात (नाव लिहिल्यास भाऊबंदकी वाढेल, सबब लिहिले नाही) वेशीपट्टीचे मोठे राजकारण जाहले, ते येणेप्रमाणे.

पूर्वी आठवडी बाजारास येणाऱ्याने बैठकीपुरती पट्टी द्यावी, ऐसा सुखाचा रिवाज होता. परंतु सरपंच राजश्री धर्मराजराव यांचे चित्तात सुधारणा शिरली आणि ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून हुकूम सुटला की, जे जनावर वेशीतून आत येईल त्यामागे पाच रुपये हाकणाऱ्याने भरावे, कोणाचा मुलाहिजा होणार नाही. मग वेशीवर प्लास्टिकची खुर्ची मांडून शिपाई शहादेव यांस ठाणेदारी दिधली. बाजारकरी कुरकुरले आणि सरपंच मिशीत हसले.

एक गोष्ट मात्र खाशांचे ध्यानी आली नाही. घरोघरच्या शेळ्या सकाळी एकवट करून माळावर चारावयास न्याव्या, दिवेलागणीस परत आणाव्या, आणि मोबदला घरटी भाकर व थोडके पैसे घ्यावे, ही चतुराबाईची जहागीर. त्या सांजेस ती सारी फौज घेऊन वेशीशी आली, तो शहादेवाने काठी आडवी धरून पट्टी मागितली. बाईने मनाशी हिशेब मांडिला. भरावी तर महिन्याची कमाई एका सांजेत जाती, आणि राखण सोडावी तर चूल थंड. घाबरली खरी, परंतु हटली नाही. तिने वेशीबाहेरच बैठक मारिली आणि जाहीरनामा काढिला, "शेळ्या तुमच्या, वेस तुमची, पट्टी बी तुमीच ठरवली. मग मी कावून भरू? ज्याची त्यानं हाकून न्यावी."

मग आकांत वर्तला. शेळ्या बाहेर दुधाने तटतटलेल्या आणि त्यांची करडे आत घरोघरी कोंडलेली, दोहीकडून ऐसा कल्लोळ उठला की टीव्हीवरच्या मालिका ऐकू येईनात. बाहेर धार काढावी तर करडाविना शेळी पान्हा सोडीना, आणि करडू बाहेर न्यावे तर परतताना त्याचेही पाच. गावच्या चहाची रसद तुटली. बायका चरव्या घेऊन पंचायतीवर चालून गेल्या, अग्रभागी सरपंचांचे कुटुंब मुक्ताबाई. सरपंचांनी मसलत केली की निदान आपल्या घरच्या शेळ्या तेवढ्या सोडाव्या, तो शहादेव उत्तरला, "मुलाहिजा न्हाई म्हणून तुमीच सांगितलंय, सरपंच."

अखेर मुक्ताबाईंचे फर्मान जाहले, "त्या बाईची भाकर आन् तुमचा चहा, दोन्ही याच वेशीतून येत्यात. कर्णा घ्या हातात."

सरपंचांनी कर्णा घेतला आणि पट्टी माफ केली. शहादेवाने आडवी काठी उचलली आणि शेळ्या न सांगता आपापल्या दारी गेल्या, आणि करडांनी ऐसी झड घातली की गावात दुधाचा थेंब उरला नाही.

सबब विजयाची नोंद करण्यात येते की, वेशीपट्टी बुडाली आणि राखण शाबूत राहिली. मुक्ताबाईंनी त्या सांजेची पहिली भाकर चतुराबाईस दिधली आणि सरपंचांपुढे कोरा चहा ठेविला. तो त्यांनी मुकाट प्राशन केला.