गोजराबाईंचे राष्ट्रीय उत्पन्न

मुळशीच्या डोंगरातल्या एका वाडीवर झरा होता. तो भर उन्हाळ्यातही आटत नसे आणि त्यामुळे देशाची प्रगती अडून राहिली होती. सुधीरसाहेब येऊन सांगेपर्यंत गोजराबाईंना याची कल्पना नव्हती.

सुधीरसाहेब विकास विभागातले. गोजराबाईंनी दिलेले तांब्याभर पाणी ते घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "मावशी, हे कितीला पडतं?"

"पान्याला कशाचा पैसा, सायेब? डोंगुर देतुया."

"तीच तर अडचण आहे. फुकटचं राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. म्हणजे सरकारच्या लेखी तुम्ही जन्मात पाणीच प्यायला नाहीत."

गोजराबाई वरमल्या. आपल्या हातून देशाचे नुकसान व्हावे, याचे त्यांना फार वाईट वाटले.

लवकरच झऱ्याभोवती भिंत उठली आणि आत बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला. गोजराबाईंचा मुलगा बहिरू तिथे ठेकेदाराच्या हाताखाली लेबले चिकटवू लागला. वाडीला विकतचा टँकर सुरू झाला. बहिरूचा पगार टँकरवाल्याकडे जाऊ लागला. वाडीत पैसा खेळू लागल्याचे सुधीरसाहेबांनी वर कळवले.

पुढे टँकरपाशी रेटारेटीत गोजराबाई पडल्या आणि खुबा मोडला. बहिरूने होत्या नव्हत्या त्या शेळ्या विकून त्यांना खासगी दवाखान्यात नेले. सुधीरसाहेब पुष्पगुच्छ घेऊन आले.

"अभिनंदन, मावशी! ॲम्ब्युलन्स, एक्स-रे, ऑपरेशन! धडधाकट होता तेव्हा यातलं काही होत होतं का?"

"न्हाई बा," गोजराबाई कण्हत म्हणाल्या.

वाडी प्रगत म्हणून जाहीर झाली. सत्काराला गोजराबाईंना खुर्चीसकट व्यासपीठावर चढवले. सुधीरसाहेबांनी माइक पुढे धरला.

"पूर्वी खर्च किती होता?"

"काय बी न्हवता."

"आणि आता?"

"आता समदंच गेलं की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उन्हाने गोजराबाईंच्या घशाला कोरड पडली होती. समोर टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या.

"सायेब, घोटभर पानी द्या."

"त्या पाहुण्यांच्या आहेत, मावशी."

तेवढ्यात हिंजवडीहून आलेली रेश्मा नावाची मुलगी पुढे झाली. तिने आपल्या बाटलीतले उरलेले पाणी त्यांच्या ओंजळीत ओतले. मैत्रिणीने व्हिडिओ काढला. 'माणुसकी अजून जिवंत आहे' म्हणून तो सगळीकडे फिरला. तुमच्याकडेही आला. तुम्ही डोळे टिपलेत आणि चार जणांना पुढे पाठवलात.

गोजराबाईंची तहान भागली नव्हती. पण व्हिडिओ तेवढाच आहे.