धुराची आंघोळ

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं नवरदेवाकडे बघतात, नाहीतर पंगतीकडे. शब्बीरभाई गुलाबदाणीकडे बघायचे. शिंपडणाऱ्याच्या हातातून ती काढून घ्यायची, टोपण उजेडाकडे धरायचं आणि खिशातल्या टाचणीने बुजलेली भोकं मोकळी करायची. तोवर पाहुणे ताटकळत उभे. वर हेच ऐकवणार, "नुसती धार पडून राह्यली ना भाऊ. थेंब नीट पाहिजे."

चंद्रपूरजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो आणि हे धूर धुवायच्या मनोऱ्यावर. आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळे नव्वदच्या त्या दशकात मला थेंबांचं जेवढं ज्ञान मिळालं, तेवढं कोणत्याही सभ्य माणसाला लागत नाही.

तो मनोरा म्हणजे उभी, पोकळ लोखंडी टाकी. भट्टीचा धूर खालून आत शिरायचा आणि वरून नोझलमधून पाण्याचे फवारे पडायचे. धुरातली धूळ थेंबांना चिकटून चिखल होऊन खाली यायची आणि धुतलेला धूर वरून बाहेर. तेच पाणी गाळून पुन्हा वर चढवायचे, म्हणून नोझल सारखी चोंदायची. थेंब जाडा झाला तर धुळीला न शिवताच खाली पडतो आणि फार बारीक झाला तर धुरासोबत उडून जातो. शब्बीरभाईंचं सगळं आयुष्य या दोन थेंबांच्या मध्ये अडकलं होतं. "धुराले आंघोळ घालून राह्यलो," असं ते सांगायचे. लहान मुलाबद्दल बोलावं तसा सूर असायचा.

माझी बायको अंगणात सडा टाकू लागली की कुंपणावरून डोकं वर यायचं. "बाई, थेंब मोठा पडून राह्यला. धूळ बाजूले उडते न." ती सरळ आत निघून जायची आणि मग अर्धवट सडा मला पुरा करावा लागायचा.

या वेडाचं कारण सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, जैबुनभाभींना, दमा होता. आमच्याकडे वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी राखाडी व्हायचं, तिथे तिची छाती काय टिकणार? डॉक्टरांनी धुळीतून हलवायला सांगितलं, तेव्हा शब्बीरभाईंनी तिला अहेरीला, तिच्या भावाकडे नेऊन ठेवलं. तिकडे चहूकडे जंगल. "हवा साफ झाली का घेऊन येतो," असं तिला सांगून आले आणि स्वतः साहेबांच्या मागे लागून भट्टीवरून मनोऱ्यावर बदली करून घेतली.

तेव्हापासून ते सुटी घेईनात. आपण गेलो की बाकीचे नोझल साफ करणार नाहीत, ही त्यांची खात्री. ईदला तेवढे अहेरीला जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत. मी एकदा म्हटलं, "चार दिवस राहा की." तर म्हणाले, "चार दिवसांत चिखल कुठी जाईल, मालूम आहे का तुमाले?"

एका हिवाळ्यात मात्र मनोऱ्यावरून काळा धूर जाऊन नुसती पांढरी वाफ निघू लागली. शब्बीरभाई कधी नव्हे ते नवा सदरा घालून अहेरीला गेले आणि भाभींना घेऊन आले. त्या वाळल्या होत्या, केस पिकले होते. यांनी त्यांना रिक्षातून थेट कारखान्याच्या भिंतीशी नेलं आणि वाफ दाखवली. भाभींनी वर बघितलं. मग म्हणाल्या, "अच्छा है. पर इतने साल... तुम ही उधर आ जाते."

हे मला शब्बीरभाईंनीच सांगितलं, पण काही महिन्यांनी. भाभींना इथे करमेना. आठवड्याने त्या भावाकडे परत गेल्या आणि पावसाळ्यात तिकडेच वारल्या. दफन करून आल्यावर ते माझ्या ओट्यावर बसले होते.

"तिकडे साफ हवा होतीच न भाऊ," ते म्हणाले. "मी इकडे बनवत बसलो. आपणच जावं, हे मले सुचलंच नाई."

इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. 

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. नोझल खोलायचे पाने आणि टाचण्या दुसऱ्या माणसाच्या हवाली केल्या, त्याला थेंबाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. मग बिछाना बांधून ते अहेरीला राहायला गेले, मेव्हण्याच्या घरामागे, तिच्याच खोलीत.