मौजे न्यूयॉर्कचा पंचनामा

आमच्या शेजारच्या कर्णिककाकांनी आजवर न्यूयॉर्क एकोणीस वेळा बुडवलं आहे. सहा वेळा ते बर्फाखाली गाडलं, चार वेळा त्यावर आकाशातून दगड पाडले आणि एकदा समुद्रातून एवढी थोरली मगर सोडली की तिच्या शेपटीखाली दोन पूल गेले. हा सगळा उत्पात दुपारी अडीच ते साडेचारमध्ये होतो. म्हणजे जेवणानंतर आणि चहाच्या आधी, भिवंडीत बसून, बनियन आणि लेंगा या पोशाखात.

काकांना जग बुडण्याचे, पेटण्याचे आणि दुभंगण्याचे सिनेमे लागतात. इंग्रजी, पण हिंदीत बोलणारे. या वयात, या घराण्यात, हे असलं काही पाहणं त्यांना स्वतःलाच शोभत नाही असं वाटतं, म्हणून ते चोरून पाहतात. बेल वाजली की चॅनेल बदलतात. दोन मिनिटांपूर्वी ज्या घरातून अख्खं शहर कोसळल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला, तिथे दार उघडल्यावर पडद्यावर कुणीतरी भेंडीवरच्या किडीबद्दल बोलत असतं.

‘‘शेतीविषयक कार्यक्रम,’’ काका म्हणतात. ‘‘माहितीपूर्ण असतात.’’

मी पहिल्यांदा असा दाराशी गेलो, तेव्हा आत पोळीचा डबा पुसत असलेल्या सुलभाकाकूंनी मात्र भीड ठेवली नाही. ‘‘या मास्तर, बसा. अर्धंच बुडालंय अजून. उरलेलं बघूनच जा.’’

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून मी मास्तर. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी मोकळा, आणि भिंत एक असल्यामुळे काकांच्या सर्व प्रलयांचा मी श्रोता. पुढे पुढे प्रेक्षकही झालो. ते कसं झालो त्याला एक कारण आहे. ते सांगतोच.

काका चौतीस वर्षं सरकारी कारकून होते आणि त्यांचं मुख्य काम नुकसानीचे पंचनामे. पूर आला, वाऱ्याने पत्रे उडाले, गोठा पडला की काका जागेवर जाऊन लिहीत: काय पडलं, किती पडलं, जनावरं किती. खाली दोन पंचांच्या सह्या. ‘‘स्थळपाहणी केल्याशिवाय कर्णिक सही करत नाही,’’ हे त्यांचं ब्रीद. साहेब ओरडले, पुढारी ओरडले, पण पाहिल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतच राहिला. मग त्यांनी सिनेमांचे पंचनामे लिहायला घेतले. लांबट वही, निळी शाई, जाड लाल पुठ्ठा.

‘मौजे न्यूयॉर्क. आपत्तीचा प्रकार: समुद्राची लाट. घरे, पूर्णतः पडझड: मोजदाद अशक्य. पूल: तीन, वाहून गेले. जनावरे: कुत्रा एक, सुखरूप. शासकीय यंत्रणा: उशिरा पोहोचली. बाप वेळेवर पोहोचला का: होय.’

हा शेवटचा रकाना कुठल्याही सरकारी नमुन्यात नाही. पण या सिनेमांत एक बाप हमखास असतो. त्याचं घरच्यांशी बिनसलेलं असतं, मुलगी त्याच्याशी बोलत नसते, आणि नेमकी लाट येते तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेली असते. मग हा गडी फुटलेल्या रस्त्यांवरून, पडत्या पुलांवरून गाडी हाणत तिच्यापर्यंत जातो. मी एकदा त्या रकान्याबद्दल विचारलं. काका म्हणाले, ‘‘जादा रकाना आहे. नोंद घ्या.’’ ‘नोंद घ्या’ म्हणजे पुढे विचारू नका.

सिनेमा बघतानाही त्यांच्यातला कारकून जागा असतो. सुरुवातीला एक चष्मेवाला शास्त्रज्ञ धोक्याचा कागद घेऊन वणवण फिरतो आणि कुणी त्याला विचारत नाही. सगळं जग त्या वेळी अधिकाऱ्यांना शिव्या देतं. काका शास्त्रज्ञाला देतात. ‘‘अरे गाढवा, हातात कागद घेऊन काय फिरतोस? आवक-जावकला नोंद कर, पोच घे! पोच असती तर शहर वाचलं असतं.’’ रस्त्याला भेग पडून गाड्या आत जायला लागल्या की ते शांत असतात. ‘‘यात काय आपत्ती? हा तर आपला रोजचा रस्ता आहे.’’

आमच्या इमारतीमागे यंत्रमाग आहेत. त्यांची खडखड आम्हाला ऐकू येत नाही, ती बंद पडलेली ऐकू येते. वीज गेली आणि लूम थांबले की गल्लीत सगळे पंखे बंद झाले म्हणून करवादतात, आणि काका बोट वर करून म्हणतात, ‘‘शांतता. मोठ्या भूकंपाआधी असंच होतं.’’ दाराशी त्यांची आपत्कालीन पिशवी कायम टांगलेली: शिट्टी, टॉर्च, दोरी, ग्लुकोजची बिस्किटं, धुरात नाकाला लावायचा पंचा, आणि ती वही. त्यातली बिस्किटं काकू दर महिन्याला चहाबरोबर संपवतात आणि नवी भरतात. त्यामुळे आपत्ती कधीही आली तरी बिस्किटं ताजी निघणार, एवढी खात्री आहे.

आता मी पंच कसा झालो ते.

काकांची एकुलती एक मुलगी मंजिरी. तिला काकांनी शिक्षिका करायचं ठरवलं होतं, आणि ती मानकोलीला एका मोठ्या गोदामात नोकरीला लागली. माल कुठे ठेवायचा, कुठे पाठवायचा, माणसं सुरक्षित कशी राहतील, ते सगळं ती बघते. तिथेच फोर्कलिफ्ट चालवणारा, खारबावचा मयूर भोईर तिला आवडला. काका म्हणाले, ‘‘गोदामातला मुलगा?’’ ती म्हणाली, ‘‘मीपण गोदामातलीच आहे.’’ लग्न नोंदणी पद्धतीने ठरलं. तिला बाकी काही नको होतं, फक्त साक्षीदार म्हणून बाबांची सही हवी होती. काकांनी तिलाही तेच ऐकवलं, ‘‘पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.’’ तिने म्हटलं, ‘‘मग या ना पाहायला.’’ ते काही गेले नाहीत. खारबाव इथून असून असून किती लांब!

त्या दिवशी तिसरा साक्षीदार म्हणून काकांच्या जागी सही मी केली. दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन परत आलो तर शेजारच्या दारामागे शहरं कोसळत होती. काका सकाळपासून एकटे, लागोपाठ तिसरा सिनेमा बघत होते. त्यांनी दार उघडलं, चॅनेल न बदलता. डोळे लाल. ‘‘धूर फार आहे या सिनेमात,’’ म्हणाले. पेढा घेतला नाही. मग वही माझ्यासमोर ठेवली. ‘‘करा सही. तुम्हाला सह्या करायची सवय आहेच.’’

तेव्हापासून तीन वर्षं मी शिक्षा भोगतोय. प्रत्येक पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक काकू, एक मी. टोकियो पडल्याची, लंडन गोठल्याची मी लेखी साक्ष दिलेली आहे. काकू दर गुरुवारी खारबावला जाऊन लेकीला भेटून येतात आणि आल्यावर भिंतीला सांगावं तसं मोठ्याने सांगतात, ‘‘पोरगी बारीक झाल्येय. जावई मात्र गुणाचा.’’ काका तेवढ्यापुरता सिनेमाचा आवाज कमी करतात.

परवाच्या शनिवारी आम्ही असाच एक ज्वालामुखी बघत होतो. बाप शहराच्या वेशीवर आला होता, आणि काकू आतून मोबाइल घेऊन धावत आल्या. इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. निळ्या पत्र्याचं गोदाम, त्यातून पांढरा धूर, बाहेर पळणारी माणसं. खाली लिहिलं होतं, ‘मानकोलीत भीषण आग.’

‘‘ही मंजूची कंपनी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘चार वेळा फोन लावला. उचलत नाही.’’

काकांनी टीव्ही बंद केला. शेवटाच्या आधी सिनेमा बंद करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बनियनवर शर्ट चढवला, तो उलटा. पिशवी खांद्याला लावली आणि माझं हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं. ‘‘मास्तर, गाडी काढा.’’

काकू फोन लावत घरी थांबल्या आणि आम्ही निघालो. मी वाटेत दोनदा म्हटलं, ‘‘काका, काही झालं नसेल हो.’’ दर वेळी त्यांनी माझ्या खांद्यात बोटं आणखी रुतवली. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. भिवंडीत गोदामाचा धूर ही काही पडद्यावरची गोष्ट नाही.

मानकोली नाक्याच्या अलीकडे व्हायचं तेच झालं. कंटेनरला कंटेनर चिकटलेला, मधून कुत्रंही जाऊ नये. स्कूटर अडकली. सिनेमातला बाप अशा वेळी पुलावरून गाडी उडवतो. आमचे काका उतरले, पंचा नाकाला बांधला, शिट्टी तोंडात धरली आणि दोन ट्रेलरच्या मधून चालू लागले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांची तक्रार, डोक्यावर लाल हेल्मेट. मी स्कूटर तिथेच लावून मागे पळालो.

‘‘अरे अंकल, किधर घुस रहे हो?’’ एक ड्रायव्हर वरून ओरडला.

काकांनी शिट्टी काढली. ‘‘बाजू हो जाओ भाई! मेरी लडकी है उधर!’’

तीन वर्षांत ‘माझी मुलगी’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. ऐकले ते असे, हॉर्नच्या गलक्यात, हिंदीतून.

गोदामाच्या फाटकावर दापोड्याचा एक म्हातारा वॉचमन स्टूल टाकून आरामात बसला होता. ‘‘आवं काका, कुठं पलताव? आग न्हाय काय न्हाय. डिरील हाय, डिरील! धूर आमीच केलाय.’’

मला ऐकू आलं. हेल्मेटमधल्या माणसाला नाही. काका थेट आत.

आतल्या मोकळ्या मैदानात सगळी माणसं रांगा करून उभी होती. आगीची रंगीत तालीम: भोंगा वाजवायचा, धुराची नळकांडी फोडायची, सगळ्यांनी बाहेर येऊन ठरल्या जागी उभं राहायचं आणि मग माणसं मोजायची. मोजणारी बाई केशरी जाकिटात होती. एकेकाच्या खांद्याला हात लावत, नजर कागदावर ठेवून ती पुढे सरकत होती. काका तिला शोधत नेमके शेवटच्या रांगेच्या टोकाला जाऊन, धापा टाकत उभे राहिले.

‘‘एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा,’’ मंजिरीने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

हेल्मेट, पंचा, गळ्यात शिट्टी, उलटा शर्ट.

‘‘बाबा?’’

‘‘फोन का उचलत नाहीस?’’ काका खेकसले. ‘‘आई चार वेळा...’’

‘‘फोन लॉकरमध्ये असतात, बाबा. ही तालीम आहे.’’

मागून एक सहकारी हजेरीचा कागद घेऊन आला. ‘‘मॅडम, एकशे अकरा पाहिजेत. एक जास्त भरतोय.’’ कमी भरले तर काय करायचं ते त्यांना शिकवलेलं होतं. जास्त भरले तर काय, याला रकाना नव्हता.

मंजिरी काकांकडेच बघत होती. ‘‘असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘बरोबर आहे.’’

त्यांना सावलीत खुर्चीवर बसवलं. पिवळ्या हेल्मेटमधला एक उंच तरुण पाणी घेऊन आला. लग्नाच्या दिवशी पाहिलेला असल्यामुळे मी मयूरला लगेच ओळखलं. काकांनी त्याच्या हातून पेला घेतला, दोन पेले पाणी संपवलं, आणि त्याला डोक्यापासून बुटापर्यंत नीट न्याहाळलं. चौतीस वर्षं ते पडक्या गोठ्यांची पाहणी अशीच करत असणार. मी तेवढ्यात काकूंना फोन करून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्या आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘बिस्किटं द्या त्यांना. पिशवीत आहेत.’’

बिस्किटं काढता काढता काकांनी वही काढली. श्वास अजून लागलेला होता, पण अक्षर वळणदार आलं.

‘मौजे मानकोली. आपत्तीचा प्रकार: आग. नुकसान: निरंक. जीवितहानी: निरंक. धूर: कृत्रिम. बाप वेळेवर पोहोचला का:’

इथे पेन थांबलं. एवढ्या शहरांसाठी त्यांनी तिथे ‘होय’ लिहिलं होतं, कधी क्षणभर थांबले नव्हते. आता ते त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मंजिरी खुर्चीच्या मागे उभी राहून वाचत होती. तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं, वाकून ‘होय’ लिहिलं, आणि पेन परत दिलं.

काकांनी खाकरून घसा साफ केला. ‘‘पंच दोन लागतात. मास्तर आहेत. आई घरी आहे.’’ वही तिच्यापुढे सरकवली. ‘‘तू कर.’’

तिने सही केली. नुसतं ‘मंजिरी’. काकांनी चष्मा वर करून ती तपासली.

‘‘असं चालत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पंचाचं पूर्ण नाव लागतं.’’

मंजिरीने पेन हातात धरलं आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे कुणाचं नाव लिहायचं, हे तिला ठाऊक होतं. ते बाबांच्या वहीत लिहावं की नाही, हे ठाऊक नव्हतं. मयूर रिकामा पेला घेऊन तिथेच उभा होता.

काकांनी ओळीवर बोट ठेवलं.

‘‘लिही,’’ ते म्हणाले. ‘‘मंजिरी मयूर भोईर. स्थळपाहणी झालेली आहे.’’