करकरणारे दार आणि परका प्रोसेसर

सरत्या उन्हाळ्यातील एका रविवारी, सकाळी, तिसऱ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात एक गृहस्थ मागचे दार पुन्हा पुन्हा उघडून त्याची करकर ध्वनिमुद्रित करीत होते. आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी माहेरी गेलेली पत्नी फोनवर म्हणाली होती, "त्या मेल्या दाराचीसुद्धा आठवण येते हो!" आपल्यालाही कुणाची आठवण येते, हे बोलून दाखवणे गृहस्थांना जन्मात साधले नव्हते, म्हणून त्यांनी रोज तिन्हीसांजेला ती करकर ऐकवणारा प्रोग्राम लिहिला.

"नुसता आवाज पाठवा की!" पत्नी फोनवर म्हणाली.

"नुसता आवाज कोणीही पाठवील."

त्यांचा व्यवसायच कंपायलरचा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या ज्या प्रोसेसरवर चालायचा, त्याला कळणाऱ्या आज्ञांत उतरवायचा आणि त्याच्या अंगच्या साऱ्या कसबांचा लाभ घ्यायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरीही ओढीच्या भरात त्यांनी प्रोग्राम बेतला तो स्वतःच्या नव्याकोऱ्या संगणकाच्या मापाने.

"अहो, पडद्यावर खिडकी उघडते नि पटकन मिटते."

"इथे तर उत्तम चालतो!"

"पण मी तिथे कुठे आहे?"

गृहस्थ वरमले. सासऱ्यांचा संगणक जुना. नव्या आज्ञा त्याला उमजणार कशा? त्या वगळून त्यांनी प्रोग्राम पुन्हा घडवला.

"छे! हूं की चूं नाही."

"प्रोसेसर कोणता आहे?"

"काळा आहे. नि तापतो."

एवढ्या पुराव्यावर गृहस्थांनी प्रोसेसरांची घराणीच्या घराणी पालथी घातली. प्रत्येकासाठी निराळी आवृत्ती रचून पाठवली. प्रत्येकीला उत्तर एकच: "नाही बाई." अखेर, प्रत्यक्ष पाहिल्यावाचून निदान अशक्य, असा निर्विवाद सिद्धान्त मांडून त्यांनी रजा टाकली आणि गाडी पकडली.

ते सासऱ्यांच्या दाराशी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. कडीला हात घालतात तोच आतून त्यांच्या स्वतःच्याच स्वयंपाकघराचे दार करकरले.

"ही तर दुसरी आवृत्ती!" आतल्या पडद्यावरचा क्रमांक पाहून ते उंबऱ्यातच थबकले. "चालत होती?"

"तुम्ही पाठवलीत त्या दिवसापासून," पदराला हात पुसत पत्नी म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आला असतात?"

गृहस्थांनी चपला काढल्या. तेव्हा आतल्या खाटेवरून सासऱ्यांनी निवाडा दिला:

"जावईबापू, प्रोग्राम चोख आहे. तुम्हीच चुकीच्या घरी बसला होतात."